चाळीस टक्के शिल्लक

सायकल शर्यतीच्या शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या होत्या. मिरजेच्या स्टेडियमभोवतीचं वळण घेताना शबाना ओरडली, "रेणुका, पाय गेले गं माझे!"

"स्क्रीन बघ की!" तिच्या आडोशानं वारा चुकवत मागून येणारी रेणुका खेकसली.

शबानाच्या हँडलवरच्या स्क्रीनवर आकडा होता : अंगातली ताकद, चाळीस टक्के शिल्लक. सायकलींवर हे आकडे आल्यापासून कुठलीच पोरगी स्वतःच्या पायांचं ऐकत नव्हती. शबानानं दात-ओठ खाऊन पॅडल हाणलं. आणखी तीन फेऱ्या तिनं रेणुकासाठी वारा अंगावर घेतला आणि चौथीत सायकलसकट कोसळली. रेणुका तिला वळसा घालून सुटली आणि जिंकली.

प्रशिक्षक घोरपडे सरांच्या टॅबवर शबानाचा खरा आकडा दिसत होता. शून्य.

"ओरडली तेव्हा चारच टक्के होते," सर रेणुकाला म्हणाले. "खरं दाखवलं असतं तर थांबली असती."

अँब्युलन्सचं दार लागलं. रेणुकानं तिकडे एकदा पाहिलं. "पुढच्या रविवारी माझ्यापुढं कोण?"

"आसावरी."

"तिला साठ दाखवा. चाळीसवर ही तीनच फेऱ्या टिकली."

सर हसले. "तू अजून दहा फेऱ्या मार. पाय मोकळे होतील."

रेणुकाचे पाय लटपटत होते, छातीत कळ येत होती. ती खाली बसणार, एवढ्यात तिची नजर स्वतःच्या स्क्रीनवर गेली. सत्तर टक्के शिल्लक.

"उगीच नाटकं," ती स्वतःलाच म्हणाली आणि पुन्हा सायकलवर चढली.