समितीला अम्यूज करा

"तपासणी समितीला जरा अम्यूज करा," प्राचार्य लेझीमच्या मुलींना म्हणाले. "कुणाची नजर ग्रंथालयाकडे जाता कामा नये."

प्राचार्य इंग्रजीच शिकवत. शब्द त्यांनीच वर्गात उलगडला होता. आजचा अर्थ रमवणं. मूळ फ्रेंचमध्ये तोंड वासून बघत बसणं. पुढे सेनापती शत्रूला असंच एकीकडे गुंतवायचे आणि दुसरीकडून आत घुसायचे. लेझीमच्या रांगेत सर्वांत पुढे असणाऱ्या हर्षालीला हा शेवटचा भाग फार आवडला होता. वर्षभरात तिला ग्रंथालयातून एकही पुस्तक मिळालं नव्हतं.

ढोल वाजला, समितीने मोबाइल काढले, आणि हर्षालीने नाचती रांग थेट ग्रंथालयाच्या जिन्याकडे वळवली. रांगेमागे ढोलवाला, त्याच्यामागे शूटिंग करणारी समिती, सर्वांत मागे प्राचार्य.

"हर्षाली, खाली ये," ते हसरा चेहरा ठेवून पुटपुटले.

"सर, पाहुणे रमलेत."

तिने ग्रंथालयाची कडी काढली. आत रॅक होते. रॅकवर कांदे होते.

समितीतल्या बाईंनी एक कांदा उचलला. "हा घरी न्यायला मिळतो, की इथंच बसून वाचायचा?"

"मिळत नाही, मॅडम," हर्षाली म्हणाली. "वर्षभर संस्थाध्यक्षांच्याच नावावर आहे."