आळीपाळीचा डबा

उंबऱ्यावर डबा ठेवून शेजारच्या द्वारकाकाकूंनी कडी वाजवली आणि तोंड न दाखवता निघून गेल्या. सासूबाईंचं त्यांच्याशी सहा वर्षं बोलणं नाही, हे लग्न होऊन आल्या आल्याच मला कळलं होतं.

सासूबाईंनी डब्यातल्या अळूवड्या काढून डबा घासला. करंज्यांचं ताट पुढे ओढलं.

"बोलत नाही, मग हे कशाला, आई?"

"दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. पद्धत आहे आपल्यात."

पुसायला मी डबा उलटा केला. तळाशी नाव कोरलेलं होतं, सौ. शरयू मोघे. सासूबाईंचंच!

"अहो, हा तर आपलाच डबा! परत कशाला करायचा?"

"हळू बोल!" त्यांनी डबा ओढून घेतला. "वाचता तिलाही येतं. थांबली का ती पाठवायची?"

आणि झाकण लागेना इतक्या करंज्या भरल्या.