मोजणार कोण

“एक,” मोबाईलमधून दिपालीचा आवाज आला. “दोन.”

आणि पुढे काहीच नाही.

हर्षलने ‘दोन’वरच उचललं. मोनिका ‘तीन’ची वाट बघत राहिली. मधल्या मध्ये आक्काबाई कॉटवरून वीतभर उठल्या, डावीकडे कलल्या आणि धप्पकन गादीवर परत बसल्या. मग सगळं आटोपल्यावर सावकाश मोबाईल म्हणाला, “तीन.”

“दुसरा प्रयत्न गेला,” परीक्षक मॅडमनी कागदावर फुली मारली. “अजून एकच.”

फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाचं हे ग्रुप प्रॅक्टिकल. अर्धांगवायूच्या पेशंटला कॉटवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं. माणसं तीन, कामं तीन, मार्क मात्र तिघांना मिळून एकत्रच. कामं महिन्यापूर्वी लिहून दिलेली, ती बदलायची नाहीत. मोनिकाने समोरून कमरेचा पट्टा धरायचा आणि लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावायचा. हर्षलने मागून आधार द्यायचा. दिपालीने पेशंटला सूचना देऊन एक-दोन-तीन म्हणायचं. ज्याला येणं जमत नाही त्याने ऑनलाइन यावं, हे कॉलेजचंच म्हणणं. नापास झाले तर पंधरा दिवसांची वॉर्ड-ड्यूटी पुन्हा, ऐन दिवाळीत.

तीन आठवडे रोज संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ कॉलवर सराव केला होता. पेशंट म्हणून हर्षलच्या घरचा लोड. ‘तीन’ उशिरा आलं तरी लोडाचं काही बिघडत नव्हतं.

“माझी चूक नाही हं,” हर्षल पुटपुटला. “मी दोनला तयारी केली.”

“तयारी नाही केलीस. उचललंस.”

“मग तिला सांग ना एसटीत बसायला. पाथर्डी काय परदेशात आहे?”

“मला ऐकू येतंय,” पाण्याच्या जगला टेकवलेला मोबाईल म्हणाला. पडद्यावर दिपालीचा अर्धा चेहरा होता, आणि खांद्यावर सहा महिन्यांचं टक्कल. “काल लसीचा डोस दिलाय बाळाला. अंग तापलंय त्याचं. कुठली एसटी पकडू, हर्षल?”

तेवढ्यात टक्कल हललं आणि बाळाने भोकाड पसरलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईने मान वळवली. मोनिकाला वाटलं, उचलावा तो मोबाईल आणि घालावा उशीखाली.

“दिपाली, जरा म्यूट कर.”

“म्यूट केल्यावर मोजू कशी?”

मॅडमनी घड्याळ बघितलं.

“कोन रडतंय गं?” आक्काबाईंनी विचारलं. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, त्या कोपऱ्यातून शब्द घसरत यायचे.

“आमच्यातल्या मुलीचं बाळ आहे, आजी. तुम्ही लक्ष देऊ नका. थोडं पुढं सरका.”

“भुकेजलंय ते.” आक्काबाई मोबाईलकडे वाकल्या. “ए पोरी, घे त्याला पदराखाली. हितलं मी बघते.”

“मॅडम, मी...” दिपाली म्हणाली. बाळ आणखी वरच्या पट्टीत गेलं. मग पडदा हलला, भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागलं, आणि रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं.

“झालं,” हर्षल म्हणाला. “आता मोजणार कोण?”

“मोजून उचलत्यात व्हय?” आक्काबाई म्हणाल्या. “उसाच्या मोळ्या काय थोड्या उचलल्या म्या? समद्यांनी दम धरायचा. ज्याच्या डोक्यावर मोळी, त्यानं म्हनायचं हं. मंग उचलायचं.”

“आजी, तसं नसतं. आमची एक पद्धत...”

“धर दम.”

मोनिकाने दम धरला. का, ते तिलाही कळलं नाही. मागे हर्षलचाही श्वास थांबला. तिच्या गुडघ्याला टेकलेला तो लुळा गुडघा आत कुठेतरी किंचित ताठला. आक्काबाईंनी धड हाताने तिचं मनगट पकडलं आणि इतक्या पुढे वाकल्या, की त्यांचं कपाळ मोनिकाच्या खांद्याला लागलं.

“हं.”

उठल्या, वळल्या, आणि आक्काबाई खुर्चीत. इतक्या अलगद, की हर्षलचे हात तसेच हवेत राहिले.

मॅडमनी पेन उघडलं. “काउंट कोणी दिला?”

“दिपालीने,” हर्षल म्हणाला.

“मी नाही दिला, मॅडम,” कॅलेंडर म्हणालं. “मी बाळाला घेतलं होतं.”

मोनिकाने डोळे मिटले. दिवाळी गेली.

“मग हे धरता येणार नाही मला,” मॅडमचा आवाज कडक नव्हता, कंटाळलेला होता. “काम ज्याचं त्यानेच करायचं. असं करा, पेशंटला परत कॉटवर घ्या. दिपाली, बाळ शांत झालं की तू काउंट दे. आत्ताचा हा प्रयत्न झालाच नाही असं धरते मी.”

“चालेल मॅडम,” हर्षल लगेच खुर्चीच्या मागे गेला.

“काय चालंल?” आक्काबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “बारा दिस झालं, नुसता पंखा बघतीय मी. आज कुठं मानसं समोरून दिसाय लागली. मी न्हाई उठनार.”

“मोनिका, समजाव त्यांना. पाचच मिनिटं आहेत.”

मोनिका खुर्चीपुढे उकिडवी बसली. आजी, एकदाच. आजी, आमचे मार्क जातील. सगळं ओठांवर तयार होतं. आक्काबाई तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत होत्या. तिथून एक बाई डबा घेऊन गेली, मग झाडूवाला गेला, मग नुसतंच दार. त्या दाराकडेही त्या बघतच राहिल्या.

“आजी,” मोनिका म्हणाली, “चहा इथंच आणू का?”