हुंकार

केबल बदलली, नेटवर्कचा स्विच बदलला, तरी हौसाआक्कानं सांगितलेल्या शेवटच्या गोष्टीच्या रेकॉर्डिंगची फाइल अडखळतच होती. बाकीच्या फायली क्षणात नव्या सर्व्हरवर गेल्या होत्या.

"जुनी डिस्क आता कधीही बंद पडेल, भिवाकाका. मग आक्कांचा आवाज गेलाच," रेणुका म्हणाली.

आक्काचे धाकटे भाऊ भिवाकाका खुर्ची ओढून बसले. "मशीन नाही, आक्काच थांबलीय, पोरी. कुणी हुंकार दिल्याशिवाय ती गोष्ट पुढं न्यायचीच नाही. अन् लहानपणी मी तर शेवटाआधीच झोपून जायचो."

"काका, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली!"

काका संगणकाच्या पडद्याकडं वाकून म्हणाले, "हं."

आकडे धावले. थांबले. "हं." पुन्हा धावले.

फाइल पोचली. रेणुकानं शेवट लावून पाहिला. गोष्ट संपली, आणि जुन्या फाइलीत कधीच नसलेलं वाक्य ऐकू आलं, "भिवा, आज झोपला नाहीस रे!"