पाठमोरी परीक्षा

गांगुर्डे सर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. पाठीमागे पाच मुली उभ्या होत्या, आणि हेडबाई वत्सलाबाईंच्या मुठीत त्यांच्या नावांच्या, गाण्याच्या क्रमानं नंबर घातलेल्या चिठ्ठ्या.

"मान वळवलीत तर पट्टी बसेल हं, सर!" बाई म्हणाल्या. मुली खिदळल्या.

ही पाठमोरी परीक्षा सरांनीच सुचवली होती. एकोणऐंशी सालची जिल्हा वृंदगान स्पर्धा आठवड्यावर आली होती. अंतरा एकटीनं कुणी म्हणायचा, ते आज ठरायचं होतं, आणि सरांची मुलगी विमल त्या पाच जणींत होती. गेल्या साली तिला निवडलं, तेव्हा "घरचंच गाणं" अशी कुजबुज झाली होती. यंदा कुणाला बोलायला जागा ठेवायची नव्हती. पण गावं विमलनंच, हे मनातून जात नव्हतं.

पहिल्या दोघी गाऊन गेल्या. तिसरीनं अंतरा उचलला आणि सरांची पेन्सिल थांबली. शेवटच्या शब्दावर तिनं घेतलेली ती छोटी हरकत त्यांनी फक्त विमलला शिकवली होती. रोज संध्याकाळी, नाशिक रोडच्या घरी. विमल भीतभीत, त्यांच्या भुवयांकडे बघत गायची. तिची मैत्रीण चांगुणा कोपऱ्यात गणितं सोडवत बसलेली असायची.

वरच्या सा वर तिसरीचा आवाज उतरला. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पन्नासपैकी सेहेचाळीस.

चौथी घसा खाकरण्यातच संपली.

पाचवी गायला लागली आणि सरांच्या अंगावर काटा आला. मोकळा, खणखणीत गळा. असा आवाज आपल्या शाळेत आहे आणि आपल्याला पत्ता नाही? त्यांनी अठ्ठेचाळीस लिहिले. मग खोडरबरानं पुसून एकेचाळीस केले. एवढे का कापले, ते दाखवायला शेरा हवा, म्हणून लिहिलं, 'आवाज कच्चा. पुढे उभं करू नये.' लिहिताना कान तापले.

कागद देताना त्यांना बाईंकडे बघवेना.

"बाई, पुन्हा एकदा ऐकलं असतं तर..."

"आता पुन्हा नाही. पोरी उपाशी आहेत." बाईंनी तीन नंबरची चिठ्ठी उलगडली. "चांगुणा!"

टाळ्या पडल्या. गेल्या साली कुजबुजणारे हिंदीचे कोंडाजी सर दारातून आत आले आणि त्यांनी गांगुर्डेंचा हात हातात घेतला. "मानलं बुवा! पोटच्या पोरीचीसुद्धा भीड नाही!"

चांगुणा पाया पडायला वाकली. सरांनी पाय मागे घेतले.

"शेरेही वाचते, चुका कळू देत," बाई म्हणाल्या.

"नको, बाई."

बाईंनी वाचायला सुरुवातही केली होती. "पाच नंबर. आवाज कच्चा. पुढे उभं करू नये." त्यांनी चिठ्ठी उघडली आणि पुन्हा मिटली.

विमल एक पाऊल पुढे आली. "ती माझी चिठ्ठी, सर."