नेमूदादाचं ठिगळ

"दादा, दवाखान्याच्या वेबसाइटला भोक पडलंय अन् तुम्ही हातावर हात धरून बसलाय होय?" शेजारच्या खुर्चीवरनं तबस्सुम कडाडली.

भोक खरंच होतं. साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडच्या तयार सांगाड्यावर उभी, त्यातच निघालेलं. कुणीही चोरट्यानं पासवर्डाशिवाय आत शिरावं अन् पेशंटांचे आजार वाचावेत. दुरुस्त आवृत्ती सकाळीच आलेली, पण नेमूदादाचा हात बटणावर जाईना. मागं मराठी नावं धड उमटेनात, तेव्हा पठ्ठ्यानं थेट फ्रेमवर्कच्या पोटातच स्वतःच्या कोडचं ठिगळ लावलेलं. नवी आवृत्ती टाकली की ते पुसलं जाणार, अन् नावांच्या जागी नुसते चौकोन! म्हणून गडी दरवेळी अपडेट टाळायचा.

"नावं पुन्हा नीट करता येतील ओ. फुटलेली गुपितं कशी गोळा करणार?"

दादानं डोळे मिटून बटण दाबलं.

"उघडा की डोळे!"

भोक बुजलं होतं, अन् ज्ञानोबा, कृष्णाक्का, श्रीपती, सगळी नावं ठणठणीत. मधल्या काळात फ्रेमवर्कवाल्यांनीच ती मराठी नावांची खोट दुरुस्त केलेली.

"आयला, उगाच जीव मुठीत धरून बसलो की!" दादा खुर्चीत रेलला. "पोरी, आणखी कुठल्या साइटी अपडेट करायच्या राहिल्यात? आण सगळ्या!"