कापसाचा बोळा

पणत्या लागल्या आणि खोली उजळली, तेव्हा द्वारकेला आधी बरंच वाटलं. मग आठवलं, की सकाळपासून घरात वातीपुरताही कापूस नव्हता.

"आजी, कापूस कुठला गं?"

"त्या बाटलीच्या तोंडात हुता की बोळा. चांगला गच्च. लई वाती निघाल्या त्याच्या," बानाबाई समाधानानं म्हणाली. नातीची दिवाळी कोरडी जायला नको म्हणून ती खास पिशोरहून औरंगपुऱ्यातल्या या माडीवरच्या खोलीत आली होती.

द्वारका खिडकीशी धावली. प्रयोगाच्या माश्या ठेवलेली दुधाची बाटली तोंड उघडं टाकून उभी होती. तळाशी रवा-गूळ शिजवून ओतलेला थर होता. त्याला बानाबाई आल्यापासून शिरा म्हणत होती. "चिलटांना शिरा अन् म्हातारीला भाकर, हे बरंय तुमच्या कालिजाचं."

चिलटं मात्र बाटलीत दिसत नव्हती.

खालून केळीवाल्या रामकिसनची हाक आली. "मावशी, वरून काय सोडलं? माझ्या गाडीवर चिलटांची जत्रा भरली ना."

द्वारका भिंतीला टेकून खाली बसली. सुटीआधी वर्गातल्या बाकी सगळ्या बाटल्यांना बुरशी लागली होती. धड राहिली ती ही एकच. सरांनी ती तिच्याच हातात दिली होती. "उत्तर पुस्तकात आहेच, द्वारका. आपल्याला ते या बाटलीतून मिळायला हवंय. बोळा सैल होऊ देऊ नकोस." दिवाळी झाली की सगळा वर्ग मिळून माश्या मोजणार होता. आता वर्गाला काय दाखवायचं?

"रुसू नको, बाई," बानाबाई म्हणाली. "चिलटंच ती. उद्या केळाची साल ठेव, ढीगभर येतील."

"ती तशी नव्हती गं. त्यांची आजी खुरट्या पंखांची होती, आजोबा लांब पंखांचे. त्यांना पोरं झाली ती झाडून सगळी लांब पंखांची. औषधालासुद्धा खुरटं नाही. मग त्या पोरांना पोरं झाली, ती या बाटलीतली. खुरटा पंख कायमचा पुसला गेला, का त्या मधल्या पिढीत नुसता लपून बसला होता, एवढंच बघायचं होतं. आणि तू दारच उघडून दिलंस."

न लावलेल्या बऱ्याच वाती उरल्या होत्या. त्या उचलून बानाबाई त्यांचा पीळ सोडवत बसली. कापूस पिंजून पिंजून तिनं लिंबाएवढा बोळा वळला आणि तो लावायला बाटली उचलली. मग तिनं बाटली पणतीपाशी नेली आणि डोळे बारीक केले.

"मग ह्या कामून नाय गेल्या?"

"कोण?"

"ह्या. खाली फिरायल्यात त्या."

द्वारका गुडघ्यांवर सरकत आली. शिऱ्यावर आठ-दहा माश्या चालत होत्या. एखादी काचेवर थोडं चढायची आणि घसरून पडायची.

"त्या कशा जातील, आजी? त्यांना पंख कुठं..." म्हणता म्हणता ती थांबली. बाटली हळूच फिरवून तिनं एकेक माशी पाहिली. प्रत्येकीच्या पाठीवर पंखांच्या जागी चुरगळलेले, सुकलेले दोन तुकडे. लांब पंखांची एकही नव्हती. भिंगाखाली डोळे फोडून जे निवडायचं होतं, ते उघड्या बाटलीनं आपलं आपणच निवडून ठेवलं होतं.

"आला," ती पुटपुटली. "लपलेला होता. आला परत."

"कोण आला?"

"खुरटा पंख. आजीचा."

काचेला आतून तपकिरी कोष अजून बरेच चिकटलेले होते. त्यांतून निघतील त्या मोजता येणार होत्या. तीन लांब पंखांमागे एक खुरटी, असं पुस्तक म्हणत होतं. बाटली काय म्हणते ते आता कळणार होतं. द्वारकेनं आजीच्या हातातला बोळा घेऊन घट्ट बसवला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"अन् उडून गेल्या त्या?" बानाबाईनं विचारलं. "त्या निव्वळ आज्यावर गेलेल्या म्हन की."

"दिसायला. त्यांच्यातल्याही पुष्कळ जणींच्या अंगात आजी आहेच. दोघांनी लपवलेली एकत्र आली, की पोरांत दिसते."

बानाबाईनं हे जरा मनात घोळवलं. मग उठून खिडकीतून वाकली.

"रामकिसन, त्या चिलटांना फडकं मारू नको रं. आमच्या पोरीची अर्धी परीक्षा तुझ्या केळ्यांवर बसलीय."

"मावशी, गिऱ्हाईक पळालं तर?"

"पळू दे. आमचीबी पळालीच ना."

तुळशीची लग्नं होऊन गेल्यावर एका सकाळी रामकिसन जिना चढून वर आला. ओंजळीत कागद होता आणि कागदावर काळं पडलेलं केळ. केळावर एक माशी डुलत डुलत चालली होती. त्यानं तिच्यावर हलकेच फुंकर घातली. ती बोटभर घसरली आणि पुन्हा चालू लागली.

"ताई, ही कवाधरनं बघतोय, उडंना," तो म्हणाला. "तुमच्यातली हाय का?"